पोस्टिंगच्या गावी फ्लॅट की तुळजापुरात प्लॉट? जवानांच्या घराचं गणित नेमकं काय आहे?

धाराशिव जिल्ह्यात लष्कराची छावणी नाही. त्यामुळे तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर, काक्रंबा, मंगरूळ या पट्ट्यातला मुलगा सैन्यात भरती झाला की त्याची नोकरी कायम परमुलखात. आज बेळगाव, उद्या देवळाली, परवा जोधपूर किंवा तेजपूर. सुट्टी मिळाली की तो सोलापूर स्टेशनवर उतरतो आणि तिथून एसटीने पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या तुळजापूरला येतो.

अशा माणसाने घर कुठे घ्यावं?

शिक्षकाला किंवा बँकेतल्या कारकुनाला हा प्रश्न फारसा पडत नाही. नोकरी जिथे, घर तिथे. जवानाचं नोकरीचं गावच दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. तरी त्याला दोन्हीकडून ओढ असते. पुण्याला किंवा नाशिकला पोस्टिंग आली की छावणीच्या रस्त्यावर 'डिफेन्स कर्मचाऱ्यांसाठी खास सवलत' असे फलक दिसतात. युनिटमधल्या दोघातिघांनी बुकिंग केलेलं असतं. आणि गावाकडून भावाचा फोन येतो, की बायपासजवळ गुंठे पाडलेत, आत्ताच घेऊन टाक, रेल्वे आली की भाव हाताबाहेर जाईल.

आधी थोडक्यात उत्तर. केवळ पोस्टिंग आहे म्हणून त्या गावात घर घेणं बहुतेक जवानांना तोट्याचं पडतं. पण 'मग गावातच घ्या' हेही वाटतं तितकं सरळ नाही. असं का, ते पाहू.

पोस्टिंग म्हणजे पत्ता का नव्हे?

लष्करात साधारणपणे 'पीस' आणि 'फील्ड' अशी आलटूनपालटून नेमणूक होते. पीस म्हणजे पुणे, बेळगाव, अहिल्यानगर, कामठी यांसारखी शांत ठिकाणं. तिथे कुटुंब सोबत ठेवता येतं. फील्ड म्हणजे सीमेवरचा किंवा तणावाचा भाग. तिथे कुटुंब नेता येत नाही. पायदळात तर अख्खी बटालियनच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. तुम्ही कितीही विनंती केली तरी फ्लॅटचा हप्ता चालू आहे म्हणून युनिट थांबत नाही.

म्हणजे देवळालीत तीन वर्षांसाठी आलेल्या जवानाने तिथे फ्लॅट घेतला, तर तो त्यात फार तर तीन वर्षं राहणार. ताबा मिळायला दीड वर्ष लागलं तर उरलं दीडच. पुढे तो फ्लॅट एकतर भाड्याने द्यायचा, नाहीतर कुलूप लावून ठेवायचा. भाडेकरूने भाडं थकवलं, नळ गळू लागला, सोसायटीच्या सभेत वाढीव वर्गणी ठरली, हे सगळं सियाचीनच्या पायथ्याहून फोनवर निस्तरायचं. ज्याने केलंय त्याला विचारा.

शिवाय पीस स्टेशनला विवाहित जवानांसाठी सरकारी क्वार्टर असतात. त्यांची संख्या पुरेशी नाही, नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं, हे खरं. या शतकाच्या सुरुवातीला सरकारने 'मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्ट' हाती घेतला तो ही कमतरता भरून काढण्यासाठीच. पण क्वार्टर मिळालं की घराचा खर्च जवळजवळ संपतो. जवान फील्डला गेल्यावरही कुटुंबाला ठरावीक ठिकाणच्या लष्करी वसाहतीत राहता येतं, त्याला 'सेपरेटेड फॅमिली अकोमोडेशन' म्हणतात. तिथे सुरक्षा, शाळा, दवाखाना, कॅन्टीन जवळ असतं. पोस्टिंगच्या गावी घेतलेल्या फ्लॅटची तुलना भाड्याच्या खोलीशी करण्याआधी ती या क्वार्टरशी करायला हवी. ती सहसा कोणी करत नाही.

एचआरए कुठला धरायचा?

क्वार्टर नसेल तर घरभाडे भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर जवानांसाठीचे जुने वेगवेगळे भत्ते जाऊन २०१७ पासून एचआरए लागू झाला. त्यासाठी शहरांचे तीन गट आहेत: एक्स, वाय आणि झेड. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यामुळे जानेवारी २०२४ पासून या तीन गटांचे दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले. मूळ वेतन म्हणजे फक्त पे लेव्हलमधलं वेतन. मिलिटरी सर्व्हिस पे त्यात धरत नाहीत.

महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे एक्समध्ये आहेत. सोलापूर, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर वायमध्ये. तुळजापूर झेडमध्ये.

समजा, एका हवालदाराचं मूळ वेतन ३८,१०० रुपये आहे. त्याचं कुटुंब पुण्यात राहत असेल तर एचआरए ११,४३० रुपये, सोलापुरात असेल तर ७,६२० आणि तुळजापुरात असेल तर ३,८१०.

जवान फील्डला असताना कुटुंब ज्या ठिकाणी राहतं ते ठिकाण अधिकृतपणे नोंदवता येतं. त्याला 'सिलेक्टेड प्लेस ऑफ रेसिडेन्स' म्हणतात आणि एचआरए त्या ठिकाणाच्या दराने धरला जातो. म्हणून काही जण केवळ भत्ता जास्त मिळतो म्हणून पुण्याचा पत्ता पकडतात. पण तुळजापूर आणि पुणे यांच्यातला ७,६२० रुपयांचा फरक पुण्यातल्या दोन खोल्यांच्या भाड्यातच संपून जातो, आणि वर गावाकडच्या ज्वारी-डाळीऐवजी सगळं विकत घ्यावं लागतं. सोलापूर मात्र विचार करण्यासारखं आहे. भत्ता वाय गटाचा, गावापासून तासाभराचा रस्ता, आणि माजी सैनिकांच्या उपचारांसाठीचं ईसीएचएस पॉलिक्लिनिकही तिथे आहे. खोट आहे ती पाण्याची. शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, कित्येक ठिकाणी चार-पाच दिवसांआड येतं.

तीन वर्षांत घर विकलं तर काय हाती लागतं?

पोस्टिंग संपताना विकून टाकू, तोवर भाव वाढलेलाच असेल, हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो. तो कागदावर तपासू.

समजा, फ्लॅट ३० लाखांचा आहे. ५ लाख स्वतःचे घातले, २५ लाखांचं कर्ज काढलं, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो महिना सुमारे २१,७०० रुपये.

तीन वर्षांत या हिशेबाने बँकेत साधारण ७ लाख ८१ हजार रुपये जातात. त्यातून मुद्दल फिटतं फक्त १ लाख ६३ हजारांच्या आसपास. बाकीचे ६ लाख १८ हजार व्याज. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा वाटा व्याजाचाच असतो, आणि जवान नेमक्या त्याच वर्षांत घर सोडून जात असतो.

घेताना मुद्रांक शुल्क लागलं ते वेगळं. महाराष्ट्रात ते भागानुसार साधारण ५ ते ७ टक्के आहे. घर पत्नीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. ६ टक्के धरले तर हे सगळं मिळून २ लाख १० हजार होतात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलं तर वर जीएसटीही आहे, परवडणाऱ्या घरांना १ टक्का आणि इतरांना ५ टक्के. विकताना दलाली द्यावी लागते, ती ३० ते ५० हजार धरा.

म्हणजे तीन वर्षांत परत न येणारा पैसा झाला सुमारे ८ लाख ७० हजार. भाड्याने राहिला असता तर महिना ८-९ हजार धरून तीनेक लाख गेले असते. उरलेले साडेपाच-पावणेसहा लाख भरून निघायला ३० लाखांचा फ्लॅट तीन वर्षांत ३५ लाख ७० हजारांना विकला गेला पाहिजे. वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास वाढ झाली तर जवान ना नफा ना तोट्यावर येतो. स्वतःचे जे ५ लाख घातले त्यांचं व्याज यात धरलेलंच नाही. एएफपीपी फंडात ते राहिले असते तर ७.१ टक्क्यांनी वाढले असते. आणि क्वार्टर मिळालं असतं तर भाड्याचे ते तीन लाखही वाचले असते.

भाव वाढतही असतील. पण विकायला जाताना त्याच सोसायटीत त्याच महिन्यात युनिटमधले आणखी चौघे विकायला निघालेले असतात, कारण बदली सगळ्यांची एकदमच झालेली असते. घाईतल्या विक्रेत्याला दलाल लांबून ओळखतो.

हाच फ्लॅट दहा-बारा वर्षं ठेवला तर चित्र बदलतं. मुद्दल फिटायला लागतं, मुद्रांक शुल्काचा भार विभागला जातो. म्हणून जवानासाठी खरा प्रश्न असा आहे, की या घरात माझी माणसं पुढची दहा वर्षं राहणार आहेत का?

'टॅक्स वाचतो' म्हणतात, ते किती खरं?

आता जवळजवळ खरं उरलेलं नाही. २०२५च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. पगारदारांना प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांपर्यंत जाते. शिपाई, नाईक, हवालदार यांच्यातल्या बहुतेकांचं उत्पन्न याच्या आत बसतं. ज्याला करच नाही त्याला करबचतीसाठी कर्ज काढा म्हणणं म्हणजे छत्री विकण्यासाठी पावसाची भीती घालणं.

नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावटही मिळत नाही. अधिकाऱ्यांचं उत्पन्न जास्त असतं, त्यांनी जुनी आणि नवी प्रणाली शेजारी ठेवून आकडेमोड करावी. जवानाला एजंटने हा मुद्दा सांगितला तर समजावं की त्याचं माहितीपत्रक जुनं आहे.

छावणीच्या जवळ घर घेतलं तर?

छावणीलगतचं घर जवानाला ओळखीचं आणि सुरक्षित वाटतं. पण नेमकी तीच जमीन कायद्याच्या दृष्टीने नाजूक असते.

१९०३च्या 'वर्क्स ऑफ डिफेन्स' कायद्यानुसार लष्करी आस्थापनांच्या भोवती बांधकामावर बंधनं घालता येतात. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांना 'रेड झोन' हा शब्द नवा नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा २,००० यार्डांचा पट्टा वर्षानुवर्षं गाजतो आहे. त्या भागात हजारो घरं उभी राहिली, गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली आणि लोक आजही नियमित होण्याची वाट पाहत आहेत. इतर आस्थापनांजवळही ठरावीक अंतरात बांधकामाला लष्कराचं ना हरकत पत्र लागतं, आणि हे अंतर ठिकाणागणिक वेगळं असतं. गंमत अशी, की या पट्ट्यांत घर घेणाऱ्यांत लष्करातून निवृत्त झालेलेही असतात. ज्या भिंतीच्या आत नोकरी केली त्याच भिंतीच्या बाहेरचा नियम त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

मग लष्कराच्याच गृहनिर्माण संस्थेचं घर घेतलं तर? आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ही संस्था १९७८ पासून देशभर सैनिकांसाठी वसाहती बांधते. हवाई दल आणि नौदलासाठी वेगळं मंडळ आहे. कागदपत्रं खाजगी बिल्डरपेक्षा सहसा स्वच्छ असतात आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडातून सभासदांना गृहकर्जही मिळतं. पण डोळे मिटून विश्वास ठेवावा असं इथेही नाही. कोचीतल्या वायट्टिला इथल्या 'चंदर कुंज' वसाहतीत २०१८ मध्ये घरांचा ताबा दिला गेला. पुढे तिथल्या दोन टॉवरच्या बांधकामाची अवस्था इतकी बिघडली, की फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते पाडून पुन्हा बांधण्याचा आदेश दिला. निवृत्तीची पुंजी घालून घेतलेलं घर सात वर्षांत रिकामं करायची वेळ त्या कुटुंबांवर आली.

तर मग तुळजापुरात प्लॉट?

इथे भावनेचं पारडं जड आहे. आईवडील इथे, शेत इथे, आणि तुळजाभवानीचं ठाणं इथे. निवृत्तीनंतर परत येणं ही महाराष्ट्रातल्या सैनिकांची जुनी रीत आहे. साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं सैनिक टाकळी ही गावं तर त्याच ओळखीवर उभी आहेत. पिढ्यान् पिढ्या माणसं फौजेत गेली आणि पेन्शन घेऊन त्याच गावात परत आली.

तुळजापूरचे भाव वाढण्याची कारणंही खरी आहेत. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा रस्ता चौपदरी झाला, जानेवारी २०१९ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाला मंजुरी मिळून काम सुरू झालं. पवनारपासून पत्रादेवीपर्यंतच्या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाचं नाव तर तुळजापूर, माहूर आणि कोल्हापूर यांच्यावरूनच पडलं आहे. भाविकांची गर्दी वर्षागणिक वाढते आहे, म्हणून लॉज, हॉटेल, पार्किंग यांच्यासाठी जागेला मागणी आहे.

पण रेल्वे येणार म्हणून घेतलेली जमीन आणि राहण्यासाठी घेतलेली जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सट्ट्यासारखी असते. जवानाने ती करूच नये असं नाही, पण तिला 'घर' म्हणू नये.

आणि मराठवाड्यातल्या जमिनीचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देवस्थान इनाम, खिदमतमाश, मदतमाश अशा नावांनी दिलेल्या जमिनी इथे मोठ्या प्रमाणात आहेत. त्यांतल्या अनेक सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' म्हणून नोंदलेल्या असतात. वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. देवस्थानाच्या गावात तर हे आवर्जून पाहावं लागतं. धाराशिव जिल्ह्यात या नोंदींवरून शेतकऱ्यांची आंदोलनं झाली आहेत आणि सरकारने नजराणा भरून काही प्रकारच्या जमिनी वर्ग १ करण्याची वाटही काढली आहे. पण तुम्हाला दाखवलेला प्लॉट त्यात बसतो का, हे उताऱ्यावरूनच कळेल. दलालाच्या तोंडून नाही.

दुसरी अडचण गुंठेवारीची. तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा थेट विकता येत नव्हता. मग लोकांनी नोटरीवर, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर व्यवहार केले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एका घराला पुरेसा. पण सातबाऱ्यावर नाव लागत नाही, बँक कर्ज देत नाही आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक पळतं. २०२५ मध्ये राज्य सरकारने शहरी हद्दीत आणि विकास आराखड्यातल्या निवासी भागात असे जुने व्यवहार नियमित करण्याचा मार्ग खुला केला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार त्यात येतात. याचा अर्थ आता कुठलाही गुंठा बिनधास्त घ्यावा असा नाही. सूट जुन्या व्यवहारांना आहे, आणि गावाबाहेरच्या निव्वळ शेतजमिनीला ती आपोआप लागू होत नाही. विकणारे मात्र 'आता सगळं मोकळं झालंय' एवढंच सांगतात.

मंजूर ले-आउटमधला प्लॉट घेणार असाल तर महारेराचा क्रमांक मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असलेल्या प्रकल्पाची तिथे नोंदणी बंधनकारक आहे.

सही कोण करणार?

जवान सीमेवर, जमीन तुळजापुरात. म्हणून व्यवहार मुखत्यारपत्रावर होतो, भावाच्या किंवा वडिलांच्या नावाने. बहुतेक घरांत त्यातून काही बिघडत नाही. जिथे बिघडतं तिथे बरीच वर्षं भाऊ भावाशी बोलत नाहीत.

पैसे जवानाच्या पगारातून गेले, खरेदीखत वडिलांच्या नावावर झालं, आणि वडिलांच्या पश्चात त्यात सगळ्या भावंडांचा हिस्सा निघाला, हे खेडोपाडी घडतं. यात कोणी फसवलेलं नसतं. कायदा कागदावरचं नाव पाहतो, मनीऑर्डरच्या पावत्या नाही. आणखी एक गोष्ट: सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे, की केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही. विकणारा तुम्हाला नोंदणीकृत खरेदीखताऐवजी मुखत्यारपत्र देत असेल तर तुम्ही जमीन घेतलेली नाही, फक्त पैसे दिलेले आहेत.

बांधकामाचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात याच जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागात दगडमातीची घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर आरसीसी हा शब्द खेड्यात सगळ्यांना कळू लागला. पण कॉलममध्ये सळई किती घातली, स्लॅबवर पाणी किती दिवस मारलं, हे गवंड्याच्या डोक्यावर उभं राहणाऱ्यालाच कळतं. जवान तिथे नसतो. ज्या घरात पत्नी किंवा वडील रोज साइटवर जाऊ शकतात, त्यांनीच बांधायला काढावं.

खरा निर्णय कोणाचा?

या सगळ्या चर्चेत जवानाच्या बायकोचा आवाज सगळ्यात कमी ऐकू येतो, आणि त्या घरात सगळ्यात जास्त वर्षं राहणार असते ती तीच. नवरा फील्डला असताना सासरच्या एकत्र घरात राहणं एकीला आधार वाटतो, दुसरीला घुसमट. मुलांची शाळा दर तीन वर्षांनी बदलणं एखाद्या घरात चालतं. दहावी-बारावीला आलेल्या मुलांच्या घरात नाही. आर्मी पब्लिक स्कूल किंवा केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्यांच्या मुलांना सोय असते, पण मैत्रिणी आणि ट्यूशन बदलीबरोबर येत नाहीत.

माझ्या मते घराची जागा मुलांच्या आठवीच्या सुमाराला ठरवावी, त्याआधी घाई करू नये. त्या वेळी कुटुंब एका जागी स्थिर करायची गरज पडतेच. मग ती जागा सोलापूर असो, पुणे असो की तुळजापूर, तिथे पुढची सहा-सात वर्षं तरी माणसं राहणार असतात आणि वरचं दहा वर्षांचं गणित जुळायला लागतं.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण हिशेबात धरायलाच हवी. सेवेत असताना जवानाचं काही बरंवाईट झालं तर कुटुंबाला क्वार्टर ठरावीक मुदतीनंतर सोडावं लागतं. त्या वेळी ज्या गावात कोणी आपलं नाही तिथला कर्जाचा फ्लॅट ओझं होतो. घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर असणं आणि कर्जाला विमा असणं हे मुद्रांक शुल्कातल्या १ टक्का सवलतीपेक्षा खूप मोठं कारण आहे.

बाहेरच्या देशांत काय होतं?

अमेरिकेत १९४४च्या जीआय बिलापासून सैनिकांना सरकारी हमीवर, बहुतेक वेळा एकही डॉलर आधी न भरता घरकर्ज मिळतं. त्यामुळे तिकडे पोस्टिंगच्या गावी घर घेणं सर्रास चालतं. २००८ मध्ये घरांचे भाव कोसळले तेव्हा बदलीची ऑर्डर आलेल्या सैनिकांना घर कर्जापेक्षा कमी किमतीत विकावं लागत होतं. शेवटी २००९ मध्ये सरकारला त्यांच्यासाठीची मदत योजना वाढवावी लागली. ब्रिटनने २०१४ मध्ये सैनिकांना बिनव्याजी कर्ज द्यायला सुरुवात केली, पगाराच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त २५ हजार पौंड. आपल्याकडे भाव पडले तर जवानाला सावरणारी अशी योजना नाही.

अग्निवीरांनी काय करावं?

ही चर्चा आत्ता तापण्याचं कारण अग्निवीर आहेत. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि लष्कराची पहिली तुकडी २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणात होती. तिची चार वर्षं २०२६च्या अखेरीस आणि २०२७च्या सुरुवातीला पुरी होतात. जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे सेवानिधी घेऊन घरी येणार. योजना जाहीर झाली तेव्हा ही रक्कम व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार सांगितली गेली. ती करमुक्त आहे. पेन्शन मात्र नाही.

बावीस-पंचवीस वर्षांच्या पोराच्या हातात एकरकमी अकरा-बारा लाख येणार हे गावातल्या प्रत्येक प्लॉटवाल्याला ठाऊक आहे. जुन्या जवानाची चूक पेन्शनमुळे पचून जायची. पस्तिशी-चाळिशीत तो निवृत्त व्हायचा तेव्हा महिन्याचा पैसा चालू असायचा. अग्निवीराला ती उशी नाही. सगळा सेवानिधी एका प्लॉटमध्ये घातला तर पुढच्या शिक्षणाला, भरतीच्या तयारीला, धंद्याला हाती काही उरत नाही, आणि प्लॉट महिन्याला एक रुपयाही देत नाही. पहिली दोन वर्षं तरी हे पैसे मुदत ठेवीत राहू द्यावेत. नोकरी कुठे लागते ते कळल्याशिवाय घर कुठे घ्यायचं ते कळणारच नाही.

शेवटच्या पोस्टिंगला काय बदलतं?

बरंच. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली असतात, मुलं मोठी झालेली असतात, दुसरी नोकरी कुठे मिळेल याचा अंदाज आलेला असतो. पुण्यात सिक्युरिटी किंवा कंपनीत काम मिळणार असेल आणि मुलं तिथेच शिकत असतील तर पुण्यात घर घेणं पूर्ण समजूतदारपणाचं आहे. ते पोस्टिंगचं घर राहत नाही, राहण्याचं घर होतं. तुळजापूरला परतायचं असेल तर महाराष्ट्रात माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवा पत्नींना एका घराची घरपट्टी माफ करणारी योजना २०२० पासून आहे. ती अटींवर मिळते आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो.

जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक सुट्टी असते. जमिनीचा व्यवहार करायचा असेल तर त्यातले पहिले चार दिवस पाहुण्यांकडे न जाता कागदांवर घालवा. डिजिटल सहीचा सातबारा आणि फेरफार राज्याच्या महाभूमी संकेतस्थळावर बराकीतूनही काढता येतो. मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, वर्ग १ की वर्ग २ ते विचारा. प्लॉटवर स्वतः जाऊन चतुःसीमा पाहा, शेजारच्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोला. आणि खरेदीखतावर सही करायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पती-पत्नी दोघांनी हजर राहा, भले त्यासाठी पुढच्या सुट्टीपर्यंत थांबावं लागलं तरी.